छावणी उठली, काकू राहिली

रिकामा ग्लास विसळून फळीवर उपडा ठेवायचा, त्याच्या बुडावर दोन बोटं टेकवायची आणि समोरच्याकडे न बघताच म्हणायचं, "जाय आता. तुहा ग्लास तुही वाट पाह्यते."

रानात वर जाणाऱ्या प्रत्येकाला काकू असाच निरोप द्यायची. मग तो सरपंच असो, की शेळ्या घेऊन निघालेली एखादी बाई. बोटं टेकवल्याशिवाय ती कोणाला जाऊ द्यायची नाही, आणि लोकही थांबायचे. घाईत असले तरी थांबायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हातात पद नाही, खुर्ची नाही, सही करायची तर अंगठा. आणि तरी गाव सगळं त्यांनाच विचारतं. तुम्हाला त्यांच्याबद्दल माया वाटली असेल. मला हेवा वाटला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवालपवी नको.

आमचं गाव सोनाळ्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या अगदी पायाशी आहे. गावामागे संत्र्याचे बगीचे, बगीच्यांमागे रान, आणि रानात कुठेतरी आपलं राज्य संपतं. नेमकं कुठे संपतं ते कोणालाच नीट माहीत नाही. एक पांढरा दगड आहे. त्याच्यापलीकडे उडी मारली की आम्ही लहानपणी ओरडायचो, "मध्यप्रदेश जाऊन आलो बे!"

सीमेवरच्या गावाचा तोटा असा, की चोर तिकडून आला की इकडचा म्हणवतो आणि इकडून गेला की तिकडचा. सागवान तोडणाऱ्या टोळ्या दोन्ही बाजूंच्या होत्या. एकदा वर गोळ्या चालल्या, आणि मग हत्यारबंद जवानांची एक तुकडी आमच्या गावाच्या टोकाला येऊन बसली. तंबू लागले, वाळूची पोती रचली गेली, वर जाणाऱ्या रस्त्यावर आडवा बांबू आला. कडेच्या दगडांना त्यांनी चुना लावला. आमच्या गावात दगडाला शेंदूर लागतो, चुना लागलेला पहिल्यांदाच पाहिला.

त्या बांबूच्या समोर काकूची टपरी होती. नवरा नव्हता. एकुलती एक लेक दूर देऊळगाव राजाला दिलेली. जवान कुठून कुठून आलेले, पण सगळे तिला माताजी म्हणायचे. तिची हिंदी ऐकण्यासारखी होती. "ए बेटा, तू उपाशी कायको जाऊन राह्यला? दो पोळी खा, फिर जा." पोरगा हसत हसत खायचा.

ग्लासाची रीत तिथूनच निघाली. गस्त पहाटे वर जायची. आठजण गेले की काकू आठ ग्लास फळीवर उपडे मांडायची. उतरून आला तो चहा प्यायचा, मग त्याचा ग्लास खालच्या लाकडी पेटीत जायचा. आठवा ग्लास पेटीत गेल्याशिवाय ती चूल विझवत नसे. जवानांकडे वायरलेस होतं. पण घाटाच्या वर ते खरखर करण्यापलीकडे काही करत नसे. मग तुकडीचे साहेब बांबूपाशी येऊन विचारायचे, "माताजी, कितने बाकी?" काकू फळीकडे बघून सांगायची, "तीन."

आता माझं सांगतो. मी आमच्या घरातला पहिला शिकलेला माणूस. घरातलाच काय, गावातला पहिला बी.ए. बुलढाण्याला वसतिगृहात राहून शिकलो. राज्यशास्त्र घेतलं होतं. बाबांचं चौथीत सुटलं, आईचं शाळेत जाणंच झालं नाही. मी परत आलो ते स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन, आणि ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढून देण्याचं काम धरलं. एकदा हिंमत करून मी तुकडीच्या साहेबांना सांगितलं, "सर, मैं बी.ए. हूँ. पॉलिटिकल सायन्स."

"बहुत अच्छा," ते म्हणाले, आणि वळून, "माताजी, आज अदरक ज़्यादा."

बहुत अच्छा काय होतं, माझी पदवी की आलं, ते मला अजून कळलेलं नाही.

तुकडी होती तोवर गाव कुरकुरायचं. स्वतःच्या बगीच्यात जायचं तर आधार कार्ड दाखवा. कुठे चालले, का चालले, पिशवीत काय. आणि मग एका सकाळी तीन ट्रक आले, दुपारपर्यंत तंबू उतरले. परिस्थिती सुधारली म्हणे, आता गरज नाही. मी गावाच्या वतीने आभाराचं भाषण लिहून नेलं होतं. दोन पानं. साहेब सरपंचांशी हात मिळवून सरळ टपरीकडे गेले. काकूसमोर ताठ उभे राहिले आणि खाडकन सॅल्यूट केला. "माताजी, अब गाँव आप सँभालिए." ट्रकमधली पोरं टाळ्या वाजवत होती. काकू पदराने डोळे पुसत म्हणाली, "जा रे बाप्पा, दिवस मावळून जाईन." छावणीतले जुने स्टीलचे ग्लास त्यांनी तिलाच देऊन टाकले. माझं भाषण खिशात घामाने भिजलं.

संध्याकाळपर्यंत वाळूची पोती गावात आली. कोणी गोठ्याला लावली, कोणी नालीवर टाकली. आमच्या घरी चार आली, बाबांनीच आणली. छावणीच्या भाकरीवर वाढलेली कुत्री दोन दिवस मोकळ्या जागेत भुंकली, मग गावात शिरली. आणि मग आमच्या लक्षात यायला लागलं की बांबू गेला म्हणजे काय गेलं. एका रात्रीत कोणाची बैलजोडी गेली. एक अख्खा बगीचा तोडून नेला, झाडाला पानं तेवढी ठेवली. एका माणसाला वर झाडाला बांधून झोडपलं. तो दुसऱ्या दिवशी सापडला. घरच्यांना वाटत होतं तो सोनाळ्याला बहिणीकडे गेलाय. चोरापेक्षा याचीच भीती जास्त बसली. वर कोण आहे, हेच खाली कोणाला माहीत नाही.

ग्रामसभा झाली. ग्राम सुरक्षा दल काढायचं ठरलं. सचिव कोण? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खरं सांगतो, पदवीच्या दिवशी झाला नव्हता इतका आनंद मला त्या दिवशी झाला. मी शिट्ट्या आणल्या, बॅटऱ्या आणल्या, मोबाईलवर ग्रुप काढला. आणि एक रजिस्टर आखलं: अनुक्रमांक, नाव, कारण, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, सही.

पण लोक वर जायला निघतात पाचला. मी उठतो सातला. ग्रामपंचायत उघडते दहाला. आणि घाटाच्या वर मोबाईलला रेंज नाही.

काकूची चूल मात्र साडेचारलाच पेटलेली असायची. तिने कोणाला विचारलं नाही, सभेत ती आलीही नव्हती. जवानांच्या जागी तिने गावकऱ्यांचे ग्लास मांडायला सुरुवात केली, एवढंच. प्रत्येकाचा ग्लास ठरलेला. खिळ्याने त्यावर खूण ओरखडलेली. कोणाची बैलाची शिंगं, कोणाची नुसती आडवी रेघ. बाबांच्या ग्लासावर त्यांची टोपी होती, म्हणजे एक त्रिकोण.

मी एकदा म्हटलं, "काकू, भांड्यांवर नावं घालून देतो मी. माझ्या खर्चानं."

"नावं तुले वाचता येतात," ती म्हणाली. "पाह्यते कोण? मी."

तिचा नियम एकच होता. ज्याचा ग्लास त्यानेच येऊन प्यायचा. एकदा एकजण मागच्या पायवाटेने परस्पर घरी गेला. त्याचा भाऊ सांगायला आला, "काकू, तो घरी आला, उचला त्याचा ग्लास." काकू ढिम्म. "त्याले म्हणा, येऊन पेय." शेवटी तो आंघोळ अर्धवट टाकून आला. कमरेला टॉवेल, कानात साबण.

"मेलो असतो तं बरं झालं असतं," तो म्हणाला.

"मंग ग्लास राह्यला असता ना फळीवर," काकू म्हणाली. सगळी टपरी हसली. त्यानेही उभ्या उभ्या चहा प्यायला.

हे लोक माझ्याकडे सही करायला येत नव्हते. मी चिडायचो. "ग्रामसभेचा ठराव आहे," म्हणायचो. ते म्हणायचे, "हाव, हाव, करतो," आणि जायचे. शेवटी मी एक सोपी पद्धत काढली. कोण वर जातं ते ठरलेलंच असतं, कधी येतं तेही ठरलेलंच असतं. म्हणून येण्याची वेळ मी सकाळीच भरून टाकायला लागलो. बाबा रोज चारला उतरतात. मग सकाळी दहाला 'दु. ४.००' लिहिलं तर बिघडलं काय? सह्याही मीच करायचो. वेगवेगळ्या पेनांनी. रजिस्टर सुरेख दिसायचं.

काकूने माझ्यासाठीही एक ग्लास ठेवला होता. त्यावर पेन काढलेलं. "मी वर जात नाही काकू," मी म्हटलं. "नाई गेला तरी असू दे," ती म्हणाली. मी तो कधी वापरला नाही.

पण तुम्ही म्हणाल, चहाच्या टपरीचा एवढा राग? राग टपरीचा नव्हता. बाबांचा होता.

बाबांना सगळं गाव भाऊ म्हणतं. माझ्याशी ते दोन-तीन शब्दांत बोलतात. जेवला का. दार लाव. पंप बंद कर. मी समजायचो, माणूसच तसा आहे. एका पहाटे मला बुलढाण्याची पहिली गाडी धरायची होती, म्हणून टपरीच्या मागून चाललो होतो. आतून बाबांचा आवाज आला. बोलत होते! बहार कसा धरला, कोणत्या झाडाला डिंक आला, आईचे गुडघे, सगळं. मग म्हणाले, "पोट्ट्याची परीक्षा पुन्हा गेली, बाई. पण लेकरू हुशार हाय. मी त्याचं लिहिलेलं पाह्यतो तं मले आता धड वाचता येत नाई, पण वळण पाहून पोट भरते."

"मंग सांगा ना त्याले," काकू म्हणाली.

"त्याले काय सांगायचं? त्याले समजतेच."

मला समजत नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या बापाने माझी केलेली एकुलती एक स्तुती, आणि ती त्याने तिच्या टपरीत ठेवली होती. गाडीत बसून मी बुलढाण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होतो आणि आतून जळत होतो. काकूने माझं काहीतरी घेतलं, असं मला वाटलं. आता वाटतं, घेतलं नव्हतं, सांभाळलं होतं. पण तेव्हा नाही वाटलं.

आता तो दिवस. हिवाळा होता. तालुक्याच्या ठाण्याचे साहेब सुरक्षा दलाचं काम बघायला येणार होते. मी रात्र घालून रजिस्टरला कव्हर घातलं. ते साडेचारच्या सुमारास आले, पानं चाळली, म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं." मी मनातल्या मनात उंच झालो. मग सरपंच म्हणाले, "चला साहेब, चाय घेऊ." आणि आम्ही टपरीवर गेलो.

फळीवर तीन ग्लास उपडे होते. साहेबांनी विचारलं, हे काय? काकूने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, हात पुसत पुसत. साहेब ऐकतच राहिले. त्यांनी मोबाईल काढला आणि फळीचा फोटो घेतला. वाकून, खुणांचा जवळून आणखी एक घेतला.

माझ्या रजिस्टरचा फोटो त्यांनी घेतला नव्हता.

तेवढ्यात शेळ्यांची घंटा वाजत आली आणि दोघी बाया टेकल्या. दोन ग्लास पेटीत गेले. एक राहिला. साहेबांनी सहज विचारलं, "पण रजिस्टरमध्ये तर सगळे परत आलेत. हा कोणाचा?"

"ह्याच्याच वडलाइचा," काकूने माझ्याकडे हनुवटी केली.

त्रिकोण माझ्याकडे बघत होता. सरपंच बघत होते. मी म्हटलं, "बाबा मागच्या वाटेनं घरी गेलेत."

काकूने कढई खाली ठेवली. "तू पाह्यलं?"

"पाहिलं."

"घरी?"

"घरी. हातपाय धुवून बसलेत."

बघा, हातपायसुद्धा धुवून बसवले मी त्यांना. खोटं बोलताना माणूस किती नीटनेटका होतो!

मला वाटलं ती म्हणेल, त्याइले म्हणा येऊन पेय. टॉवेलवाल्याला म्हणाली होती. सरपंचांना म्हणाली होती. पण ती म्हणाली, "तू शिकलेला हायस. तू खोटं काऊन सांगशीन." तिने बाबांचा ग्लास सरळ केला, चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. "घे. त्याइच्या नावानं तूच पे."

मी प्यायलो. साहेब म्हणाले, "म्हणजे रजिस्टर बरोबर आहे." ग्लास पेटीत गेला. साहेबांची गाडी गेली. मी जिंकलो होतो.

घरी आलो तर ओट्यावर बाबा नव्हते. आई भाकरी थापत होती. "बाबा?" मी विचारलं. "आले कोठी अजून?" ती म्हणाली. मी बसलो. येतील आता. सूर्य डोंगराला टेकला. येतील. मागच्या वाटेनेच येत असतील. उठून कोणाला सांगावं, तर काय सांगावं? गावात सगळ्यांच्या लेखी माझा बाप घरी हातपाय धुवून बसला होता. मी किती वेळ तसा बसलो, ते तुम्हाला सांगायची माझी हिंमत नाही.

दिवे लागले तशी काकू दारात उभी राहिली. एरवी ती कधी आमच्या घरी येत नसे. ओले हात, डोक्यावर पदर नाही. "भाऊ कोठी हायत?"

"वर," आई म्हणाली. "काऊन?"

काकूने माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग वळली आणि गल्लीतून ओरडत निघाली, "चला रे! भाऊ वर राह्यले! बॅटऱ्या घ्या, बाज घ्या!"

पंधराएक माणसं पळाली. काकू पुढे, मी मागे. बाबा आमच्या बगीच्याखालच्या नाल्यात सापडले. चारच्याही आधी दगडावरून पाय घसरला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. वरच्या काठावर अस्वल फिरून गेलं होतं, म्हणून दोन तास त्यांनी आवाजसुद्धा काढला नव्हता. थंडीने दात वाजत होते. काकूने स्वतःचं फडकं त्यांच्या छातीवर घातलं आणि म्हणाली, "आलो ना भाऊ. आलो आमी." बाबा म्हणाले, "मले वाटलंच. बाई येईन."

मीही तिथेच उभा होतो. तरी ते बाई येईन म्हणाले. आणि अशा वेळी, बाप नाल्यात मोडून पडलेला असताना, मला त्या शब्दाचा हेवा वाटला. माणसाचं मन किती लहान असू शकतं, हे मी पुस्तकात शिकलो नव्हतो.

बाज खांद्यावर घेऊन आम्ही उतरत होतो. सरपंच धापा टाकत म्हणाले, "पण बाई, ग्लास तं पेटीत टाकला होता ना तुवा? मह्यासमोरच टाकला."

सरपंचांनी माझं बोलणं ऐकलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनाही तिचंच उत्तर हवं होतं.

"टाकला," काकू म्हणाली. "मीनंच टाकला. ज्याचं त्यानं प्यावं हा नियम माहा, अन् मीनंच मोडला. चूक माह्यीच हाय."

"बुढी झाली बाई तू आता," कोणीतरी अंधारातून म्हणालं.

बाजेचा एक पाय माझ्या खांद्यावर होता, आणि मी गप्प होतो.

बाबांना बुलढाण्याला नेलं, मांडीत सळई बसवली. इकडे गावात बोलणं सुरू झालं. ग्लासाचा काही भरवसा नाही. खुद्द भाऊंचा ग्लास पेटीत, अन् भाऊ नाल्यात! आधी दोघे थांबेनासे झाले, मग दहा. सरपंचांनी ग्रामसभेत सांगितलं, यापुढे जे काय ते रजिस्टरवर. त्यांना खरं माहीत होतं; पण साहेबांपुढे गावाचं नाव राहिलं होतं, ते त्यांना घालवायचं नव्हतं. लोक माझ्याकडे येऊ लागले. मी पाचच्या आत उठायला लागलो, आता खऱ्या वेळा, खऱ्या सह्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं. तालुक्याहून एक कागदही आला, 'उल्लेखनीय कार्य' लिहिलेला. मी तो कपाटात पालथा घातला.

फळीवर ग्लास कमी होत गेले. काकू रस्त्यात भेटली की विचारायची, "भाऊ काठीनं चालतात का?" मी म्हणायचो, हो. तिने मला एकदाही टोचलं नाही. टोचलं असतं तर मी भांडलो तरी असतो. एकदा तोंड उघडून म्हणालो, "काकू, त्या दिवशी मी..." तिने चूल फुंकायला मान खाली घातली. "तुह्या नोकरीचं पाह्य," म्हणाली. "गावात तोंड दाखवून जगायचं हाय तुले. माह्यं काय, मी तं जाणारच होतो लेकीकडे."

जाणार नव्हती. तिने तसं कधीच म्हटलं नव्हतं.

उन्हाळ्यात लेक न्यायला आली. टपरीचे पत्रे काढून झाले. बाबा काठी टेकत फाट्यापर्यंत आले. इतकं ते पहिल्यांदाच चालले. दोघं फार बोलले नाहीत. "चला भाऊ," ती म्हणाली. "हाव," बाबा म्हणाले. मी तिची ट्रंक गाडीत चढवली. गाडी गेली.

धूळ खाली बसल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुम्ही घरी आले असं त्या दिवशी मीच सांगितलं होतं तिला."

"मले ठाऊक हाय."

"तिनं सांगितलं?" पहिला प्रश्न माझ्या तोंडून हाच निघाला.

"तिनं काऊन सांगन?" बाबा म्हणाले. "बाईनं जन्मात कोणाच्या शब्दावर काम केलं नाई. केलं असन तं तुह्याच. इतलं तं मले चौथीत शिकवलं हाय." ते काठीवर रेलून मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिले. "सांगायचं होतं तं गाडी उभी होती तवा सांगायचं. चारचौघांत. आता मले एकट्याले सांगून काय करू मी त्याचं?"

आणि ते निघाले. चढावर त्यांचा पाय लचकला, मी हात पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. रजिस्टर, सकाळीच भरलेल्या वेळा, वेगवेगळी पेनं, साहेबांसमोरचं खोटं. कोणी हसलं नाही, कोणी शिवी दिली नाही. सरपंच चष्मा पुसत बसले. मागून एका म्हातारीने विचारलं, "हे बाईले माहीत हाय का, तुवा आता सांगतलं म्हणून?" त्या शेळ्यावाल्या दोघींतली एक. त्या संध्याकाळी टपरीवर तीही होती.

मी बाहेर येऊन लगेच काकूच्या लेकीला फोन लावला. देऊळगाव राजाला त्यांच्याकडे काहीतरी कार्य होतं, मागे बायकांचा गलबला होता. मी म्हटलं, काकूंना द्या, महत्त्वाचं आहे. लेकीने फोन हातात धरूनच हाक मारली, "आई, गावाकडून फोन हाय! बी.ए.वाला दादा!"

"त्याले म्हण, नंतर कर," काकूचा आवाज आला. "माह्ये हात पुरणात भरेल हायत."

रागाने नाही म्हणाली. घाईत असलेल्या माणसासारखी म्हणाली, इतकंच. लेक फोन कुठेतरी ठेवून गेली, बंद करायचा राहून गेला. कोणीतरी काकूला काहीतरी विचारत होतं, कोणीतरी "काकू, इकडं या ना" म्हणत होतं, आणि ती मोठ्याने हसत होती. त्या बायकांची नावंही मला माहीत नव्हती. त्यातल्या एकेकीचा मला हेवा वाटत होता. ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून, मोबाईल कानाला लावून, मी ते हसणं ऐकत राहिलो.